देवदाराचे बी

देवदार हे नाव आपल्या कानांना नवीन नाही. पूर्वी दुकानात माल ज्या पांढरट, हलक्या फळ्यांच्या खोक्यांतून येई, त्यांना आपण देवदारी खोकी म्हणत असू. बाळंतिणीच्या काढ्यात देवदार पडतो. काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे तुकडे वजनावर मिळतात. पण देवदाराचे उभे झाड आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? फारच थोड्यांनी. आणि ती खोकी तरी देवदाराची कुठली? त्यांतली पुष्कळशी चिडाच्या नाहीतर दुसऱ्या एखाद्या हलक्या लाकडाची असत. खऱ्या देवदाराचे लाकूड पिवळसर तपकिरी, तेलकट आणि सुवासिक असते. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तर हिमालयातली जुनी देवळे आणि घरांच्या तुळया या लाकडाच्या आहेत.

हे झाड आपल्या सह्याद्रीचे नव्हे. अफगाणिस्तानच्या पूर्व भागापासून काश्मीर, हिमाचल, गढवाल, कुमाऊं आणि पश्चिम नेपाळपर्यंत, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार ते तीन हजार मीटर उंचीवर ते आपखुशीने वाढते. हिमाचल प्रदेशाने त्याला आपला राज्यवृक्ष मानले आहे. त्याची सावत्र भावंडे म्हणावीत अशी झाडे लेबाननमध्ये आणि मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांत आहेत. लेबाननच्या तर निशाणावरच ते झाड आहे. आपला देवदार १८३१ च्या सुमारास इंग्लंडात गेला आणि तिथल्या बागांतून शोभेसाठी लावला जाऊ लागला. खाली झुकलेल्या फांद्या, निळसर हिरवा रंग आणि देवळाच्या शिखरासारखा निमुळता आकार, यांमुळे तो कुठेही उठून दिसतो.

आता आपण म्हणाल, मास्तर, झाड हिमालयातले, ऐकणारे आम्ही महाराष्ट्रातले. मग हे भाषण कशासाठी? त्याचे कारण असे, की या झाडाने मला जो धडा शिकवला, तो शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवूनही मला ठाऊक नव्हता.

२००१ साली मी नोकरीतून मोकळा झालो. माझे धाकटे बंधू तेव्हा नोकरीनिमित्त कुमाऊंत, अलमोडा जिल्ह्यात राहत होते. त्यांनी आग्रहाने बोलावले, आणि दसऱ्यानंतर मी तिकडे गेलो. जागेश्वरची प्राचीन देवळे ज्या देवदारांच्या राईत उभी आहेत, तिथून त्यांचे बिऱ्हाड फार दूर नव्हते. घरमालकांच्या वृद्ध आईला सारे गाव ‘आमा’ म्हणे. कुमाऊंनी भाषेत आमा म्हणजे आजी. मीही आमाच म्हणू लागलो. त्या मला ‘मास्साब’ म्हणत. मास्तरसाहेबांचे ते तिकडचे रूप.

अंगणाबाहेर उतारावर एक मोठा देवदार होता. नोव्हेंबरात त्याच्या फांद्यांवर बदकाच्या अंड्याहून मोठे, उभे बसवलेले शंकू दिसत. शिक्षक बंधुभगिनींनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिडाचा शंकू लाकडी फुलासारखा उमलतो आणि अख्खाच्या अख्खा खाली पडतो. तो आपण शोभेला ठेवतो. देवदाराचे तसे नाही. त्याचा शंकू पिकायला वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो आणि पिकला की तो झाडावरच सुटा होतो. खवले एकेक करून गळतात आणि प्रत्येक खवल्यासोबत दोन पंखांची, म्हणजे प्रत्येकी एक पंख असलेली, दोन बिया वाऱ्यावर जातात. पानांतही फरक आहे. चिडाच्या सुया तीन-तीनच्या जुडीत असतात. देवदाराच्या आखूड सुयांचे झुबकेच्या झुबके जुन्या डहाळीवर बसलेले असतात. वर्गात दोन डहाळ्या शेजारी ठेवल्या, तर मुले पाच मिनिटांत हा भेद शिकतात.

म्हणून बी हवे असेल तर शंकू हिरव्याचा तपकिरी होताच, फुटण्याआधी काढावा लागतो. आमांच्या नातवाने झाडावर चढून दहा-बारा शंकू उतरवले. झाड त्यांच्या मालकीच्या जागेत होते. राखीव जंगलातून विचारल्याशिवाय काहीही उचलू नये, हेही इथेच सांगून ठेवतो. ते शंकू गोणपाटावर चार-पाच दिवस उन्हात ठेवले. मग हाताने पिळताच खवले मोकळे झाले. बोटांना राळेचा चिकटा लागला, तो गोडेतेलाने निघाला. बियांचे पंख चोळून काढले. काही बिया दाबताच पिचल्या, त्या पोकळ होत्या. उरलेल्यांतून मी चाळीस बिया घेतल्या आणि आमांनी चाळीस घेतल्या. शर्यत लावावी असे काही मनात नव्हते, पण घडले मात्र तसेच.

मी काय केले ते आधी सांगतो. मी आपल्याकडच्या सवयीने कुंडीत निम्मे शेणखत, निम्मी माती भरली. घरातल्या सर्वांत उबदार खोलीत, काचेच्या खिडकीपाशी, जिथे दिवसभर ऊन येई, तिथे कुंड्या मांडल्या. बिया पेरल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. थंडी मोठी होती. बियांना ऊब मिळावी, असे मला वाटले. मायेनेच केले म्हणा ना!

आमांनी काय केले? बिया एक दिवस-रात्र पाण्यात भिजवल्या. जुन्या तेलाच्या डब्याला खालून भोके पाडली. तळाशी खडे, वर वाळू, कुजलेला पाला आणि अंगणातली माती सारख्या भागांनी. त्यात त्यांनी त्या मोठ्या देवदाराच्या बुंध्याजवळची ओंजळभर माती आणून मिसळली. मी विचारले, “आमा, ही कशाला?” त्या म्हणाल्या, “आईच्या पायाची माती आहे, मास्साब. तिच्याशिवाय पोर धरत नाही.” मला तेव्हा ती भाबडी समजूत वाटली. पुढे वाचले, की देवदाराच्या मुळांशी एक जातीची बुरशी राहते. ती मुळांना मातीतले अन्न-पाणी मिळवून देते आणि मुळांकडून साखर घेते. जुन्या झाडाखालच्या मातीत ती असतेच. म्हणजे आमांचे बोलणे अगदी खरे होते.

बिया त्यांनी बोटाच्या पहिल्या पेराच्या निम्म्याइतक्या खोल पेरल्या. वर बोटभर जाडीची नव्हे, नुसती झाकेल इतकीच वाळू पसरली. उंदीर आणि पाखरे या बियांवर टपलेली असतात, म्हणून डब्यावर तारेची जाळी बांधली. आणि डबा ठेवला कुठे? घराच्या उत्तरेच्या भिंतीशी, उघड्यावर! रोज रात्री त्यावर दंव गोठे. दोनदा बर्फही पडले. मी म्हटले, “आमा, बिया मरतील हो!” त्या हसल्या. म्हणाल्या, “झोपू द्या त्यांना. झोप झाल्याशिवाय उठतील कशा?”

मार्च संपता संपता माझ्या कुंड्यांत सहा कोंब दिसले. मला फार आनंद झाला. आठवड्यात ते सहाही मातीलगत मऊ पडून आडवे झाले. याला आपण शेतकरी मर म्हणतो. मिरची-टोमॅटोच्या गादीवाफ्यात ती सर्वांनी पाहिली आहे. ओल फार, वारा नाही, अर्धवट कुजलेले शेणखत, मग बुरशी येणारच. उरलेल्या बिया उकरून पाहिल्या. बऱ्याच कुजून गेल्या होत्या.

आमांच्या डब्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वीस रोपे उभी होती. एवढ्याशा देठावर बियाचे टरफल टोपीसारखे घातलेले. चार दिवसांनी टोपी आपोआप गळे आणि हिरव्या सुयांची, साधारण दहा पानांची, छत्री उघडे. मी एकाची टोपी हौसेने ओढून काढली, तर पानेच तुटली. आमांनी माझा हात धरला. “मास्साब, शाळेतसुद्धा असंच करत होता का?” असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

श्रोतेहो, देवदाराच्या बियाला थंडी का लागते, ते थोडक्यात सांगतो. शंकू फुटतो शरद ऋतूच्या अखेरीला. त्याच वेळी बी रुजले, तर कोवळे रोप हिवाळ्यात मरेल. म्हणून बी ओल्या, थंड मातीत काही आठवडे पडून राहते. त्या थंडीने त्याच्या आतली झोप मोडते आणि वसंत आला की सगळ्या बिया जवळजवळ एकदम उठतात. हे ज्याला डोंगरात राहून करता येत नाही, तो फ्रिजमध्येही करू शकतो. भिजवलेल्या बिया ओलसर वाळूत मिसळून, पिशवीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवाव्यात. बर्फाच्या खणात मात्र नव्हे. वाळू मुठीत दाबली तर पाणी गळू नये, इतपतच ओली असावी. दर आठवड्याला पाहावे. एखाद्या बियाने पांढरे मूळ काढले असेल, तर ते तेवढे लगेच कुंडीत लावावे. आणखी एक. हे बी तेलकट असते, ते लवकर खराब होते. ऊबदार जागी वर्षभर पडलेले बी रुजेल अशी आशा धरू नये.

पुढची निगा फार नाही, पण ती धीराची आहे. देवदार पहिल्या वर्षी वर थोडा आणि खाली पुष्कळ वाढतो, म्हणून भांडे उथळ नको, वीतभर तरी खोल हवे. पहिल्या उन्हाळ्यात दुपारचे ऊन लागू देऊ नये. पाणी सकाळी, आणि वरची माती सुकल्यावरच. ताजे शेणखत मुळीच नको. दोन-तीन वर्षांनी रोप जमिनीत लावायचे, ते पावसाळ्याच्या आरंभी आणि मुळांचा गोळा न फोडता. जागा मात्र विचार करून निवडावी. आज वीतभर दिसणारे रोप पुढे चाळीस-पन्नास मीटर उंच जाऊ शकते आणि त्याच्या खालच्या फांद्या चारी बाजूंना पसरतात. घरापासून, विहिरीपासून आणि विजेच्या तारांपासून तीस-पस्तीस फूट तरी लांब लावावे. पुष्कळजण ते दाराशी शोभेला लावतात आणि मग वीस वर्षांनी त्याचा शेंडा छाटतात. शेंडा छाटलेला देवदार म्हणजे कळस उतरवलेले देऊळ! त्यापेक्षा तो न लावलेला बरा.

आता माझ्या चुकीची दुसरी गोष्ट. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

२००३ च्या मार्चमध्ये मी गावी परतायला निघालो. सव्वीस रोपांतली बरीच आमांनी शेजारीपाजारी वाटली होती. माझ्या वाट्याची सात राहिली होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या परसात देवदार उभा आहे, येणारेजाणारे विचारताहेत, ‘हे झाड कुठलं हो?’ आणि मी सांगतो आहे, असे चित्र मी मनाशी रंगवले होते. आमांनी विचारले, “तुमच्या गावी दंव पडतं का?” मी म्हटले, “नाही.” “बर्फ?” “नाही.” “मग हे झोपणार कधी?” मी म्हटले, “आमा, मी काळजी घेईन.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पाच न्या. दोन इथे ठेवा.”

पाच रोपे मी ओल्या शेवाळात गुंडाळून, आगगाडीत मांडीवर घेऊन आणली. त्या वैशाखातच दोन वाळली. गोणपाटाची सावली केली, भिंतीवर पाणी शिंपडले, काही उपयोग झाला नाही. एक आमच्या काळ्या जमिनीत लावले, ते श्रावणात मुळाशी पाणी साचून कुजले. चौथे कुंडीत होते. ते हिवाळ्यात टवटवीत झाले आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. पाचव्याला मी माजघरात ठेवी, रात्री उघड्यावर आणी, माठाशेजारी जागा देई. सौभाग्यवती म्हणाली, “नातवंडाचं सुद्धा इतकं करत नाही तुम्ही.” २००५ च्या मे महिन्यात त्याच्याही सुया पिवळ्या पडून गळल्या. कुंडी रिकामी करताना पाहिले, तर मुळे तळाशी गोल गोल फिरून राहिली होती. जणू वाट शोधत होती.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, दुसऱ्या सर्गात, हिमालयातल्या एका देवदाराची कथा आहे. शंकरांनी त्याला पुत्र मानलेले, पार्वतीने त्याला पाणी घालून वाढवलेले. रानहत्तीने अंग घासून त्याची साल सोलली, तेव्हा पोटच्या पोराला जखम व्हावी तसे तिला दुःख झाले. मी ही कथा वर्गात कितीदा सांगितली होती! पण पार्वतीने तो देवदार त्याच्याच डोंगरात वाढवला, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. मी पाच लेकरे त्यांच्या गावातून उचलून आणली, ती माझ्या हौसेपायी.

२०१९ साली मी पुन्हा कुमाऊंत गेलो. आमा राहिल्या नव्हत्या. अंगणाच्या खालच्या बाजूला, घरापासून चांगल्या अंतरावर, दोन देवदार उभे होते. घराच्या कौलांहून उंच गेलेले, शेंडे किंचित झुकलेले. आमांचा नातू आता दोन मुलांचा बाप झाला आहे. तो मुलांना म्हणाला, “ही मास्साबांची झाडं.” मी म्हटले, “नाही रे बाबा, ही आमांची. माझी पाच होती, ती गेली.” त्या झाडांना अजून शंकू आलेले नव्हते. ते यायला पुष्कळ वर्षे लागतात. तीस-चाळीस वर्षे धरून चालावे. ते मी पाहणार नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत देवदाराच्या खोडाचा एक आडवा काप ठेवला आहे, त्यावर सातशेहून अधिक वर्षांची वलये मोजलेली आहेत. अशा झाडापुढे माणसाच्या ‘माझे-तुझे’ला अर्थ तो किती!

तर मग आपण काय करावे? जे श्रोते किंवा त्यांचे आप्त नोकरीनिमित्त, सैन्यात वा अन्य कामावर हिमालयाच्या थंड भागात राहतात, त्यांनी घराच्या आवारात देवदार बियापासून जरूर वाढवावा. वर सांगितलेली रीत सोपी आहे आणि खर्च काहीच नाही. आपल्या पठारावर ज्यांना तशाच डौलाचे सूचिपर्णी झाड हवे, त्यांनी मोरपंखी लावावी. तीही मूळची चीनकडची, पण आपल्या हवेत ती सुखाने राहते. तिचे निळसर हिरवे, आकड्या असलेले छोटे शंकू तपकिरी झाले की काढावेत; आत बिनपंखाच्या बिया असतात. त्या एक रात्र भिजवून वाळूमिश्रित मातीत पेराव्यात. ही झोपेसाठी थंडी मागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. झाडे लावण्याच्या दिवशी आणलेली तयार रोपे मुलांच्या हाती देण्याबरोबर त्यांना बी द्या, आणि त्या बियाला काय हवे ते शोधायला सांगा. सागाचे बी आळीपाळीने भिजवून उन्हात वाळवले की चांगले रुजते. बाभळीचे बी शेळीच्या पोटातून गेले की लवकर उगवते. गोठ्यातल्या लेंड्यांत ते मुलांना सापडेल. कडुनिंबाचे बी पिकल्यावर थोड्याच आठवड्यांत पेरावे लागते, ठेवून चालत नाही. एकाला ऊन, एकाला शेळी, एकाला घाई आणि देवदाराला बर्फ. ज्याची त्याची रीत वेगळी. मुलांनी दोन डबे करावेत. एकात आपल्या मनाने पेरावे, दुसऱ्यात बियाच्या मनाने. कुठल्या डब्यात किती उगवले, ते मोजून वहीत लिहावे. मी तीस वर्षे शिकवले, पण हा प्रयोग कधी केला नाही. तो मला एका न शिकलेल्या आमांनी शिकवला.

आणि मुलांच्या बाबतीत वेगळे काय आहे? काही लवकर उठतात, काहींना थोडा हिवाळा लागतो. त्यांची टोपी आपण घाईने ओढू नये, एवढेच.

माझ्या परसातली ती पाचवी कुंडी मी फेकली नाही. त्यात आज कडुनिंबाचे रोप आहे. बी परसातलेच होते. यंदा ते जमिनीत लावायचे आहे, घरापासून तीस फुटांवर.